बाळाच्या जुलाबातले जंतू तपासायला बसताना

दर पावसाळ्यात आमच्या प्रयोगशाळेत एम.एस्सी.ची दोन-तीन मुलं-मुली प्रकल्पासाठी येतात. विषय बहुतेक ठरलेला असतो: पाच वर्षांखालच्या मुलांच्या जुलाबातले जंतू, त्यांच्यावर कोणती अँटिबायोटिक्स चालतात, आणि त्या जंतूंत रोग घडवण्याची ताकद कुठून आली. पहिल्याच आठवड्यात प्रश्न येतो, "मॅडम, पीसीआर कधी लावायचा?" पीसीआरला, म्हणजे जंतूतलं ठरावीक जनुक शोधणाऱ्या चाचणीला, दोन दिवस पुरतात. त्याआधीचं काम कच्चं राहिलं असेल, तर जेलवर चमकणाऱ्या त्या पट्ट्यांवरून काहीच सिद्ध होत नाही. म्हणून काम ज्या क्रमाने हातात येतं त्याच क्रमाने इथे लिहिते आहे. उदाहरणं नाशिकची आहेत, कारण माझं काम इथलं.

आधी दोन प्रश्न वेगळे करा

जंतू औषधाला दाद देत नाही, तो झाला रेझिस्टन्स. जंतू आतड्याला चिकटतो, विष सोडतो, पेशीत शिरतो, ती झाली व्हिर्युलन्स, म्हणजे रोग घडवण्याची ताकद. नवखे विद्यार्थी या दोन गोष्टी एकच धरून चालतात: जंतू औषधांना पुरून उरतोय म्हणजे तो जास्त घातक असणार. तसं नसतं. ठणठणीत मुलाच्या आतड्यात निवांत राहणारा ई. कोलाय हा जंतू पाच-पाच औषधांना पुरून उरू शकतो आणि त्या मुलाला साधं पोटही दुखत नाही. उलट शिगा नावाचं विष सोडणारा ई. कोलाय प्लेटवर (जंतू वाढवायच्या बशीत) जवळजवळ प्रत्येक औषधाला मरताना दिसेल, पण मुलाच्या मूत्रपिंडावर घाला घालून जाईल.

दोन्ही गोष्टी एकाच जंतूत आल्या तर काय होतं, हे २०११ मध्ये जर्मनीत दिसलं. ओ१०४:एच४ जातीचा ई. कोलाय मुळात आतड्याला विटांच्या थरासारखा चिकटणाऱ्या गटातला. त्यात शिगा विषाचं जनुक येऊन बसलं होतं, आणि सेफॅलोस्पोरिन गटातली अँटिबायोटिक्स फोडणारं ईएसबीएल एन्झाइमही होतं. साथीचा माग काढत तपास पोचला मेथीच्या मोडांपर्यंत. जवळपास चार हजार लोक आजारी पडले आणि पन्नासहून जास्त दगावले.

रेझिस्टन्सची जनुकं एका जंतूतून दुसऱ्यात जातात ती बहुधा प्लाझ्मिडवरून, म्हणजे जंतूतल्या डीएनएच्या छोट्या सुट्या कडीवरून. १९५० च्या दशकात जपानमध्ये एकाच वेळी चार औषधांना दाद न देणारे शिगेला, म्हणजे रक्ताच्या हगवणीचे जंतू, सापडले, आणि हा गुण शिगेला-ई. कोलाय यांच्यात इकडून तिकडे जातो हे तिथल्याच संशोधकांनी दाखवलं. काही ई. कोलायांच्या विषाची जनुकंही प्लाझ्मिडवरच असतात. म्हणून दोन प्रश्न वेगळे विचारायचे, वेगळे मोजायचे, आणि मगच त्यांची सांगड बसते का ते पाहायचं.

परवानगी आणि संमती

संस्थेच्या एथिक्स कमिटीची लेखी मंजुरी हातात येईपर्यंत एकही नमुना घ्यायचा नाही. संमतीपत्र मराठीत हवं, आणि ते वाचून दाखवायचं. नाशिक जिल्ह्यातल्या सुरगाणा, पेठ, हरसूलकडून आलेल्या आयांशी बोलताना पुस्तकी मराठी चालत नाही. वॉर्डमधली मावशी किंवा सोबत आलेली आशाताई मध्ये बसली की गोष्ट समजते. आईला सही येत नसेल तर अंगठा, आणि सोबत तिच्या बाजूचा एक साक्षीदार. नमुना दिला नाही तरी उपचारात काही फरक पडणार नाही, हे वाक्य प्रत्येक वेळी तोंडाने म्हणायचं, कागदावर आहे म्हणून सोडून द्यायचं नाही.

आईशी बोलणं

माझ्या मते सगळ्या कामातली ही सर्वात महत्त्वाची पायरी, आणि सर्वात घाईत उरकली जाणारी.

व्याख्या पक्की ठेवा: चोवीस तासांत तीन किंवा जास्त पातळ शी, आणि आजार चौदा दिवसांच्या आतला. फक्त अंगावर पिणाऱ्या बाळाची शी एरवीही पातळ आणि वारंवार होते. तिथे "नेहमीपेक्षा वेगळी वाटते का?" हे आईलाच विचारा, तिच्याइतकं नेमकं कुणी सांगू शकत नाही. "अतिसार" हा शब्द वापरू नका. "जुलाब लागलेत का", "हगवण कधीपासून", "शीत रक्त किंवा शेंब पडते का" असं विचारलं की खरी उत्तरं येतात. शेंब म्हणजे आव, हे इकडच्या घरांत सगळ्यांना ठाऊक असतं.

मग औषधाचा प्रश्न. "अँटिबायोटिक दिलं का?" असं विचारलं तर उत्तर जवळजवळ नेहमी "नाही" येतं. खोटं बोलायचं म्हणून नव्हे. ती बाटली अँटिबायोटिकची आहे हे त्यांना कुणी सांगितलेलंच नसतं. "दवाखान्यातून, मेडिकलमधून काही पातळ औषध आणलंत का? बाटली आहे का जवळ?" असं विचारा. पेठकडच्या एका आईने माझ्यासमोर पिशवीतून तीन बाटल्या काढल्या होत्या. एकीत ताप उतरवणारं औषध होतं. दुसरीत ऑफ्लॉक्सासिन आणि ऑर्निडाझोल ही जंतूंवरची औषधं एकत्र. तिसऱ्या बाटलीचं लेबल भिजून गेलं होतं. ओआरएसचं पाकीट मात्र एकही नव्हतं. तेव्हापासून आमच्या फॉर्ममध्ये "बाटली पाहिली / पाहिली नाही" असा वेगळा रकाना आहे. औषधाचं नाव, किती डोस गेले आणि शेवटचा डोस कधी, एवढं लिहून घ्या. औषध सुरू झाल्यावर घेतलेल्या नमुन्यात औषधाला दबणारे जंतू आधीच गेलेले असतात. मागे जे उरतात त्यांच्यावरून "नाशिकमध्ये इतका रेझिस्टन्स" असं लिहिणं चूक ठरेल.

पाणी कुठलं तेही विचारा: नळ, हातपंप, विहीर, की टँकर. पेठ-सुरगाण्यात धो-धो पाऊस पडतो आणि उन्हाळ्यात त्याच गावांत टँकर येतो. त्यामुळे जुलै आणि एप्रिलच्या उत्तरांत फरक असणारच.

आणि जुलाब नसलेली मुलंही अभ्यासात घ्या. त्याच वयाची, शक्यतो त्याच भागातली, मागच्या सात दिवसांत जुलाब न झालेली. लसीकरणाला आलेली मुलं सोयीची पडतात. हे टाळलं तर प्रकल्प फसतो. १८८५ मध्ये थिओडोर एशेरिख यांनी ई. कोलायचं वर्णन केलं ते तान्ह्या बाळांच्या शीतूनच. तो सगळ्यांच्या पोटात असतो. त्यातले चिकटणारे काही प्रकारही निरोगी मुलांत बऱ्याचदा सापडतात. मग आजारी मुलात सापडला म्हणून त्यानेच आजार केला, हे कशाच्या आधारावर म्हणणार?

नमुना

रुंद तोंडाची, स्वच्छ, घट्ट झाकणाची डबी द्या. विकतच्या डायपरमधून नमुना घेऊ नका, पाणी सगळं आत शोषलं जातं. बाळाखाली स्वच्छ प्लॅस्टिक अंथरायला सांगा. लघवी मिसळू देऊ नका. रक्त किंवा आव असलेला भाग दिसला तर तोच उचला.

नमुना दोन तासांत प्लेटवर गेला पाहिजे. शहरातल्या वॉर्डातून ते जमतं. सुरगाण्याहून एसटीने दोन-अडीच तास धरावे लागतात, घाटात पावसात गाडी अडकली तर त्याहून जास्त. अशा वेळी स्वॅब (कापूस लावलेली काडी) कॅरी-ब्लेअर या जंतू तगवून धरणाऱ्या माध्यमात बुडवून थंड डब्यात पाठवायचा. शिगेला फार नाजूक असतो. नुसत्या डबीत शी आंबट होत जाते आणि तो काही तासांत मरतो. "आमच्याकडे शिगेला मिळतच नाही" असं म्हणणाऱ्या बऱ्याच ठिकाणी तो वाटेतच मेलेला असतो. कॉलराचा संशय असेल तर मात्र तो नमुना बर्फावर ठेवू नका, त्या जंतूला थंडी मानवत नाही. कॅरी-ब्लेअरमध्ये बाहेरच्या तापमानाला तो तग धरतो.

प्लेटवर

मॅकॉन्की आणि एक्सएलडी, या दोन माध्यमांच्या प्लेटांनी सुरुवात करा. कॉलराच्या संशयाला टीसीबीएस प्लेट, साल्मोनेला या जंतूसाठी सेलेनाइट ब्रॉथ हे पातळ माध्यम. ३५ ते ३७ अंशांवर अठरा ते चोवीस तास. मॅकॉन्कीवर ई. कोलाय गुलाबी, शिगेला आणि साल्मोनेला फिके. एक्सएलडीवर ई. कोलाय पिवळा, शिगेला लाल, साल्मोनेला लाल पण मधोमध काळा.

आता नवखे हमखास करतात ती चूक. प्लेटवरची सर्वात सुबक, सुटी गुलाबी वसाहत (एका जंतूपासून वाढलेला ठिपका) उचलायची आणि तिला "या मुलाचा जंतू" म्हणायचं. त्या मुलाच्या पोटात ई. कोलायचे कितीतरी वंश एकत्र राहतात, आणि रोग करणारा त्यातला एखादाच असतो. म्हणून दिसायला वेगवेगळ्या अशा निदान पाच वसाहती उचला, त्यात एखादी फिकी जरूर असू द्या. पेशीत शिरणारे ई. कोलाय कधीकधी लॅक्टोज आंबवत नाहीत आणि फिके दिसतात.

ओळख पटवण्याच्या चाचण्या पुस्तकात आहेत तशाच करा: ऑक्सिडेज, इंडोल, मिथाइल रेड, व्होजेस-प्रॉस्कर, सिट्रेट, टीएसआय. प्रत्येक वसाहतीची एक कुपी ग्लिसरॉलमध्ये उणे सत्तर-ऐंशी अंशांच्या फ्रीजरमध्ये जायलाच हवी. कुपीवर मुलाचा नंबर आणि वसाहतीचा नंबर दोन्ही लिहा, उदाहरणार्थ २७-३. पुढे याचा उपयोग कळेल.

डिस्क लावणं

डिस्क म्हणजे औषध भिनवलेली कागदाची चकती; तिच्याभोवती जंतू न वाढलेलं वर्तुळ दिसतं, तो झोन. पद्धत जुनी आहे, बाऊर-कर्बी यांची, १९६६ पासूनची. दिसायला सोपी आहे, आणि हात बसेपर्यंत ती फसवते.

म्युलर-हिंटन अगार या माध्यमाची जाडी चार मिलिमीटर हवी. ९० मिलिमीटरच्या प्लेटमध्ये साधारण पंचवीस मिलिलिटर बसतं. माध्यम वाचवायला पातळ ओतलं तर झोन मोठा येतो आणि रेझिस्टंट जंतू सेन्सिटिव्ह, म्हणजे औषधाला दबणारा, दिसतो. जंतूंचं द्रावण ०.५ मॅकफार्लंड या गढूळपणाच्या मापाशी जुळवा, म्हणजे एका मिलिलिटरमध्ये सुमारे पंधरा कोटी जंतू. डोळ्यांनी जुळवताना मागे काळ्या रेघांचा पांढरा कागद धरा. पंधरा मिनिटांत स्वॅब फिरवा. तीन वेळा, दर वेळी प्लेट ६० अंश वळवून. मग डिस्क. ९० मिलिमीटरच्या प्लेटवर पाचापेक्षा जास्त डिस्क कोंबू नका. एकदा टेकलेली डिस्क सरकवू नका, औषध टेकल्या क्षणी पसरायला लागतं. ३५ अंशांवर सोळा ते अठरा तास. वीज गेली आणि इन्क्युबेटर बंद पडला तर ती प्लेट टाकून द्या.

डिस्कची कुपी फ्रीजरमधून काढल्या काढल्या उघडू नका. माझ्या पहिल्या जुलैत मी तेच करत होते. बाहेर गोदावरीला पूर, खोलीत हवेला ओल, आणि थंड कुपी उघडली की आत दव धरायचं. बीटा-लॅक्टम गटातली औषधं ओलाव्याने निकामी होतात. दोन आठवडे माझ्या बहुतेक प्लेटांवर अँपिसिलिन आणि सेफॅलोस्पोरिनचे झोन आक्रसलेले येत होते. मोठा शोध लागला असं वाटून मी तक्ताही करायला घेतला होता. आमच्या सरांनी एकच विचारलं, "कंट्रोल लावलास का?" लावला नव्हता. एटीसीसी २५९२२ हा ठरलेला ई. कोलाय लावला, तर तोही "रेझिस्टंट" आला. खराब माझ्या डिस्क होत्या. दोन आठवड्यांचं काम रद्द करून पुन्हा केलं. तेव्हापासून कुपी अर्धा-एक तास टेबलावर ठेवून मगच उघडते, आणि २५९२२ शिवाय एकही दिवसाचं वाचन नोंदवत नाही. त्याचे झोन ठरलेले आहेत: जेंटामायसिन १९ ते २६ मिलिमीटर, सेफ्ट्रायॅक्सोन २९ ते ३५. याबाहेर गेला तर त्या दिवसाचे त्या औषधाचे सगळे निकाल बाद.

झोन प्लेटच्या मागून, काळ्या पृष्ठभागावर धरून मोजा. को-ट्रायमॉक्सॅझोलच्या झोनमध्ये पुसट वाढ दिसते ती सोडून द्यायची आणि ठळक कडा धरायची. शिगेलावर अॅझिथ्रोमायसिनची कडा धूसर येते, तिथे दुसऱ्या कुणाकडून एकदा मोजून घ्या. कोलिस्टिनची डिस्क लावूच नका. ते औषध अगारमध्ये नीट पसरत नाही, त्याला ब्रॉथ मायक्रोडायल्युशन (पातळ माध्यमात औषध विरळ करत मोजणं) लागतं.

मोजलेला आकडा मिलिमीटरमध्येच लिहून ठेवा. नुसतं एस, आय, आर (सेन्सिटिव्ह, मधला, रेझिस्टंट) लिहून मोकळे होऊ नका. सीएलएसआय या अमेरिकी संस्थेने ठरवलेल्या सीमारेषा बदलत असतात. ई. कोलायसाठी सिप्रोफ्लॉक्सासिनचा २३ मिलिमीटर झोन २०१९ पूर्वी सेन्सिटिव्ह धरला जायचा, कारण सीमा २१ होती. आता ती २६ आहे, म्हणजे तोच जंतू त्या रेषेखाली येतो. जुन्या-नव्या अभ्यासांची तुलना करताना हे नजरेआड झालं, तर रेझिस्टन्स वाढला की मोजपट्टी बदलली हे सांगता येणार नाही.

शिगेला आणि साल्मोनेलाबाबत आणखी एक धोका आहे, आणि तो थेट मुलापर्यंत पोचतो. जेंटामायसिन-अॅमिकासिन, तसेच पहिल्या-दुसऱ्या पिढीची सेफॅलोस्पोरिन्स प्लेटवर छान झोन देतात, पण रुग्णात ती उपयोगी पडत नाहीत. त्यांना अहवालात "सेन्सिटिव्ह" लिहायचं नाही.

ईएसबीएलसाठी सेफोटॅक्सिम आणि सेफ्टाझिडिमच्या डिस्क एकट्या लावा, आणि क्लॅव्ह्युलॅनिक आम्लासोबतच्याही. सोबतच्या डिस्कचा झोन पाच मिलिमीटर किंवा जास्त वाढला की ईएसबीएल आहे. तीन किंवा जास्त औषधगटांतल्या निदान एकेका औषधाला दाद नसेल तर त्याला एमडीआर (एकाच वेळी अनेक औषधगटांना रेझिस्टंट) म्हणा. एकाच गटातली तीन औषधं मोजून एमडीआर ठरवू नका.

आता पीसीआर

वसाहत पाण्यात कालवून दहा मिनिटं उकळा, सेंट्रिफ्यूजमध्ये फिरवा, वरचं पाणी घ्या. डीएनए एवढ्याने पुरेसा मिळतो. मग जनुकं शोधायची; पुढची नावं जनुकांची आणि त्यांवरून ठरणाऱ्या ई. कोलायच्या गटांची. ईएई आणि बीएफपीए दोन्ही असले तर एंटेरोपॅथोजेनिक, नमुनेदार प्रकारातला. नुसता ईएई असला तर त्याच गटातला, पण नमुनेदार नसलेला. उष्णतेला टिकणाऱ्या किंवा न टिकणाऱ्या विषाचं जनुक मिळालं तर एंटेरोटॉक्सिजेनिक. एसटीएक्स म्हणजे शिगा विष. एजीजीआर म्हणजे विटांसारखा चिकटणारा. आयपीएएच मिळालं तर पेशीत शिरणारा ई. कोलाय किंवा शिगेला, हे जनुक दोघांतही असल्याने बाकीच्या चाचण्यांवरूनच ठरवावं लागतं. प्रत्येक वेळी एक ठाऊक असलेला पॉझिटिव्ह आणि एक डीएनए नसलेली नळी लावायची.

जनुक आहे म्हणजे विष तयार होतंच असं नाही. अहवालात "जनुक आढळलं" लिहा, "विष आढळलं" नको.

एसटीएक्स सापडलं तर अहवाल टाइप होण्याची वाट न पाहता वॉर्डला फोन करा. या जंतूवर काही अँटिबायोटिक्स दिली तर विष जास्त सुटू शकतं, आणि मूत्रपिंडाचा धोका वाढण्याची भीती असते. डॉक्टरांना ते त्याच क्षणी कळायला हवं.

सुरक्षितता, थोडक्यात

शिगेलाचे दहा ते शंभर जंतू आजारी पाडायला पुरतात. मोबाइल टेबलावर नको, डबा त्या खोलीत नको, कोट घरी न्यायचा नाही. वापरलेल्या प्लेटा आधी ऑटोक्लेव्ह (दाबाच्या वाफेत निर्जंतुक) करायच्या आणि मग पिवळ्या पिशवीत टाकायच्या.

मोजणी

इथे कुपीवरचा २७-३ हा नंबर कामाला येतो. एका मुलाच्या पाच वसाहती पाचही एमडीआर निघाल्या तर ती पाच मुलं होत नाहीत, एकच मूल होतं. शंभर मुलांचे पाचशे जंतू मोजून टक्केवारी काढली, तर ज्या मुलात एकच वंश माजला होता त्याचं वजन उगाच पाचपट होतं. हिशोब मुलागणिक करा. नंतर चार रकान्यांचा साधा तक्ता मांडा: जनुक आहे-नाही, औषधाला दाद आहे-नाही. आजारी मुलांचा एक, निरोगी मुलांचा एक. दोन्ही शेजारी ठेवले की जे दिसतं तेच तुमच्या प्रकल्पाचं उत्तर. निरोगी मुलांच्या ई. कोलायमध्येही रेझिस्टन्स तितकाच निघाला तर निराश होऊ नका. मुलांच्या पोटापर्यंत ती जनुकं आजाराविनाही पोचली आहेत, ही गंभीर गोष्ट त्यातून कळते. मात्र नमुने रुग्णालयातून घेतले असतील तर "नाशिक जिल्ह्यातली मुलं" असं लिहू नका, रुग्णालयात आलेली मुलं एवढंच लिहा.

अहवाल कुणाला

कल्चरचा अहवाल तिसऱ्या दिवशी तयार होतो. तोवर बहुतेक मुलं बरी होऊन घरी गेलेली असतात, आणि बरी झालेली असतात ती ओआरएस आणि झिंकवर. एका लिटर पाण्यात एक पाकीट, आणि चौदा दिवस झिंक, सहा महिन्यांवरच्या मुलाला रोज २० मिलिग्रॅम, त्याखाली १०. अँटिबायोटिक लागतं ते रक्ताच्या हगवणीला, कॉलराला, आणि डॉक्टर ठरवतील अशा मोजक्या मुलांना. तुमचा तक्ता त्या मोजक्या मुलांसाठी आहे: पुढच्या वेळी रक्ताची हगवण घेऊन मूल आलं, तर कोणतं औषध आधी निवडायचं हे वॉर्डला त्यावरून ठरवता येतं. म्हणून दर तीन महिन्यांनी एक पान वॉर्डमध्ये द्या: किती मुलं, कोणते जंतू, कोणत्या औषधाला किती मुलांतला जंतू दबला.

दुसरं पान आशाताईंसाठी, मराठीत. मी त्यावर एका प्लेटचा फोटो छापते, ऑफ्लॉक्सासिनच्या डिस्कला अगदी चिकटून जंतू वाढलेत असा. एकदा पेठच्या उपकेंद्रात तो फोटो पाहून एका आजीने विचारलं, "म्हणजे बाटलीतलं औषध ह्यांनी खाऊनच टाकलं का गं?" मी म्हटलं, "खाल्लं नाही आजी, पण त्याला ते घाबरेनासे झाले." मग आम्ही तिथेच एक लिटरची बाटली मोजून, पाकीट फोडून ओआरएस करून दाखवलं, आणि तिने ते तिथेच नातवाला चमच्याने पाजलं.